विमान शोधायला निघालेलं गाव

पोचू हिचामी माझ्या दुकानात आला की आधी दारात उभा राहून आभाळाकडे बघणार आणि मगच आत पाऊल टाकणार. ढग असोत, पाऊस असो, काही दिसो न दिसो. एटापल्लीच्या बस स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, खोकंच. त्यात हा दार अडवून उभा. गिऱ्हाईक बाहेर, पोचू मध्ये आणि माझा पारा वर.

"पोचूभाऊ, आत ये नाहीतर बाहेर जा. दारात काऊन लटकून राह्यला?"

"एक गेलं आता," तो शांतपणे सांगायचा. "पांढरी रेघ ठेवून गेलं."

आमच्या डोक्यावरून विमानं जातात, पण आमच्यासाठी एकही उतरत नाही. दिल्लीची मद्रासला जातात, अरबस्तानातली पूर्वेकडे जातात. खाली आमचं जंगल, सूरजागडचे डोंगर आणि लोहखनिजाचे ट्रक. वरच्यांना आम्ही हिरव्या डागासारखे दिसत असू, तेही ढग नसले तर.

मी मूळचा बल्लारपूरचा. अब्बा पेपर मिलच्या यार्डात बांबू उतरवायचे. पोचूनं तरुणपणी वर्षानुवर्षं बांबू तोडला आणि तो बांबू बल्लारपूरलाच जायचा, म्हणजे त्यानं तोडलेली एखादी मोळी माझ्या अब्बांच्या खांद्यावर नक्की पडली असणार. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "मंग तर तू घरचाच झाला." त्या दिवसापासून तो चहाचे पैसे द्यायचं नाव काढेनासा झाला. साबिरा, माझी बायको, हे अजून ऐकवते.

पोचूचं गाव कोहकाटोला, नाला ओलांडून जंगलात आत. माडिया लोकांची वस्ती, घरं थोडकी, नेटवर्क शून्य. पोचू तिथला शोधणारा. हा काही पगारी हुद्दा नाही, पण कोणी जंगलात हरवलं की पहिली खबर त्याच्याकडे जाते. मध काढायला गेलेला माणूस असो, मोह वेचता वेचता वाट चुकलेली म्हातारी असो, पोचू निघाला की त्याच्यामागे सगळं गाव निघतं. हरवलेलं माणूस सापडेपर्यंत गावात एकही चूल पेटत नाही. लहान लेकरांना रात्रीची शिळी पेज, बाकीचे उपाशी.

आणि त्यांची हाक मारायची तऱ्हा वेगळीच. हरवलेल्याचं नाव घ्यायचं नाही. जंगलात ऐकणारे पुष्कळ असतात, त्यांना त्याचं नाव कशाला कळवायचं, असं जुन्या लोकांचं म्हणणं. ज्यानं त्यानं आपलंच नाव ओरडायचं. "नन्ना पोचू!" म्हणजे मी पोचू. हरवलेल्याला त्यावरून कळतं की कोण आलंय आणि घर कोणत्या बाजूला आहे. एकदा हाक मारली की गप्प उभं राहायचं, उत्तराला वेळ द्यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. हरवला दुसराच आणि हे आपापली नावं ओरडत फिरतायत!

पोचूनं आजवर सगळ्यांना शोधून आणलं, एक सोडून. तो एक म्हणजे त्याचा धाकटा भाऊ डोमा. बांदिया नदीला पूर असताना पलीकडे गेला तो गेलाच. कोहकाटोल्याच्या वाटेवर मेलेल्यांच्या नावाचे उभे दगड आहेत. त्यात पोचूच्या आईबापाच्या दगडाशेजारी एक जागा मोकळी आहे. डोमाचा दगड पोचूनं उभा करू दिला नाही. "सापडला नाई तवर दगड नाई," एवढंच त्याचं म्हणणं. नवं धान खायच्या सणाला तो दरवर्षी एकटाच नदीवर जातो, आपलं नाव ओरडतो आणि ऐकत बसतो. त्याची बायको मंगली मला म्हणाली होती, "त्याचं शोधनं कधी संपलंच नाई, भाऊ."

अशा माणसाच्या एकुलत्या एक पोरानं विमानात बसायचं ठरवलं.

पोराचं नाव रोशन. आयटीआय करून खाणीवर मोठं यंत्र चालवायला लागला होता. तिथल्या काही पोरांना ऑस्ट्रेलियात शिकायला पाठवायचं ठरलं आणि त्यात त्याचं नाव आलं. अख्ख्या तालुक्यात पेढे वाटले गेले. पोचूनंही एक पेढा खाल्ला, दारात उभा राहून आभाळ बघितलं आणि आत येऊन मला विचारलं, "कय्यूमभाऊ, तू बसला ना इमानात. सांग मले. ते पडते का?"

आता मी पडलो विमानांचा शौकीन. दोन वर्षं रियाधला एसी दुरुस्त करायला होतो. जाताना, सुट्टीत येताना, परत जाताना आणि कायमचा येताना असा विमानात बसलोय. तेव्हापासून विमानांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला तो लागला. साबिरा म्हणते, "दुनिया गाने सुनती है, ये आदमी हादसे देखता है." तर असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि सुरू झालो.

त्याला सांगितलं, की पहिलं विमान सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांनी बनवलं. पहिल्या दिवशी ते उडालं तेव्हा माझ्या दुकानापासून बस स्टँडच्या मुतारीपर्यंतसुद्धा गेलं नसतं. पोचू खूश झाला. सायकलवाले म्हणजे आपल्यातलेच. मग काही वर्षांत माणसानं खाडी ओलांडली, मग समुद्र ओलांडले. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षाच्या आत आपलं विमान मुंबईहून थेट लंडनला जायला लागलं, वाटेत थांबे घेत घेत. मग जेट विमानं आली. त्यातली पहिली दिसायला मोठी देखणी होती, पण तिच्या चौकोनी खिडक्यांच्या कोपऱ्यांना तडे जायचे. दोन विमानं समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हापासून विमानाच्या खिडक्यांना कोपरे ठेवत नाहीत.

"मानसं मेली, मंग खिडक्या गोल केल्या?" पोचूनं विचारलं.

"हो ना. तसंच असतं."

पुढच्या खेपेला त्यानं आपणहून विचारलं. मी त्याला धुक्यातल्या त्या बेटाची गोष्ट सांगितली, जिथं दोन अजस्र विमानं जमिनीवरच एकमेकांवर आदळली, कारण उडायची परवानगी मिळाली असं एका वैमानिकाला वाटलं. त्यानंतर वैमानिकांशी बोलायचे शब्दच ठरवून दिले गेले. मग चरखी दादरीची गोष्ट सांगितली. दिल्लीहून सौदीला निघालेलं एक विमान चढत होतं, दुसरं उतरत होतं, आणि दोघांची आभाळातली वाट एकच. सौदीच्या विमानात कामाला निघालेली कितीतरी माणसं होती, माझ्यासारखीच. कोणी वाचलं नाही. मग येणाऱ्यांची वाट वेगळी केली, जाणाऱ्यांची वेगळी.

पोचूनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आमच्या इथी बी तसंच. मोहाच्या त्या वाटेनं सांजच्याले जाऊ नोको म्हनतात. तिथी अस्वलानं बाई फाडली होती. बाई मेली, मंग वाट बंद झाली."

"मग? एवढे नियम झाले म्हणजे आता वाट चांगलीच म्हणायची ना!" मी त्याला धीर द्यायला म्हटलं.

"ज्या ठिकानी अजून कोनी मेलं नाई, तिथली वाट कोनाले ठाऊक?" तो म्हणाला. मी चहा मागवला.

जूनमध्ये अहमदाबादेत विमान पडलं. लंडनला निघालेलं, उडाल्या उडाल्या डॉक्टरी शिकणाऱ्या पोरांच्या वसतिगृहावर कोसळलं. दुकानात जो येईल तो तोच व्हिडिओ बघत होता. पोचू आला आणि त्यानंही बघितला. पुन्हा दाखव म्हणाला. मी मोबाईल खिशात घातला. एक जण त्यातून चालत बाहेर आला, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं. "एकच," तो म्हणाला आणि सायकल घेऊन निघाला.

त्यानंतर मंगली दोनदा येऊन गेली. पोचूची झोप उडाली होती. पोराला मात्र तो जाऊ नको म्हणाला नाही. "जाऊ नोको म्हनीन तर थो थांबल," त्यानं मंगलीला सांगितलं होतं, "अन् मंग जलमभर त्या ट्रकाईकडं पाहात बसल." एवढं कळत होतं त्याला. कळत होतं म्हणूनच झोप येत नव्हती.

आणि मी काय केलं? त्याच आठवड्यात त्याला हरवलेल्या विमानाची गोष्ट सांगितली. त्यानंच विचारलं होतं, "इमान कधी हरपलं का? पडलं नाई, हरपलं?" माझ्या जिभेला हाड कुठे आहे! मी सांगून टाकलं. दोन हजार चौदा साल. क्वालालंपूरहून चीनला निघालेलं विमान, दोनशेच्या वर माणसं. मध्येच उलटं वळलं आणि गेलं ते गेलंच. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, समुद्रात कुठेतरी बुडालं असावं म्हणतात. काही तुकडे आफ्रिकेकडच्या किनाऱ्यांना लागले, बाकी काही नाही.

"मंग शोधून राह्यले का अजून?"

"खूप शोधलं. मोठमोठी जहाजं होती. मग थांबवलं. पुन्हा कोणीतरी सुरू केलं, पुन्हा थांबवलं."

"सापडले?"

"नाही."

"मंग थांबवलं कसं?" पोचूचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी त्याला आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "सापडले नाई अन् थांबवलं? घरी जाऊन जेवले ते लोक?"

चहा तसाच टाकून तो गेला. साबिरा दुकानामागच्या आमच्या घरातून बाहेर आली आणि तिनं माझी जी हजेरी घेतली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मग तिकीट आलं. रोशननं मोबाईलवर मला दाखवलं. हैदराबादहून क्वालालंपूर, तिथून विमान बदलून ऑस्ट्रेलियातलं पर्थ. म्हणजे निघायचं त्याच गावाहून आणि जायचं त्याच समुद्रावरून. मी पोराला काही बोललो नाही. पण पोचू शेजारीच उभा होता आणि क्वालालंपूर हे नाव त्याच्या ध्यानात पक्कं बसलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

रोशन निघाला तेव्हा जुलै अर्ध्यावर आला होता. धानाची रोवणी जोरात सुरू होती, बायामाणसं चिखलात होती. जीप सिरोंच्याच्या वाटेनं हैदराबादला जाणार होती. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून साबिरानं हिरव्या कापडात एक नाणं बांधून पोराच्या दंडावर इमाम जामीन बांधला आणि सांगितलं, "पोहोचल्यावर सोड अन् नाणं गरिबाला दे." मंगली रडली. पोचूनं रोशनच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो आभाळाकडे नाही, रस्त्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधीच पोचू पायरीवर बसलेला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. रोशनचा क्वालालंपूरहून फोटो आला होता, काचेसमोर उभा राहून हसणारा. पोचूनं फोटोतल्या रोशनपेक्षा मागचं विमान जास्त निरखलं. मग मी शहाणपणा केला. मोबाईलवर विमानं बघायचं एक फुकटचं अॅप आहे. नकाशावर छोटी पिवळी विमानं सरकताना दिसतात. रोशनचं विमान शोधलं आणि मोबाईल स्टँडवर लावून पोचूसमोर ठेवला. म्हटलं, बघत बस, जिवाला शांतता वाटेल.

खरंच वाटली. हे विमान, ही जमीन, हे निळं म्हणजे समुद्र, असं मी समजावलं. पिवळं विमान जावा बेटावरून सरकत समुद्रावर आलं. पोचू पापणी न हलवता बघत होता. मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलचा डिस्प्ले बदलत होतो.

"कय्यूमभाऊ. गेलं."

"कुठी गेलं?"

"होतं. आता नाई."

मी बघितलं. निळा समुद्र होता. विमान नव्हतं. मी बोटानं नकाशा हलवला, अॅप बंद करून पुन्हा उघडलं. बाकीची विमानं होती, हेच नव्हतं. अशा अॅपला भर समुद्रावर विमान कधीकधी दिसत नाही, जमिनीवरची यंत्रं तिथपर्यंत पोचत नाहीत, हे मला कुठेतरी ऐकल्यासारखं आठवत होतं. मी तसं म्हणालोही. पण माझा आवाज मलाच पटेना. मी पुन्हा अॅप उघडायला गेलो तर नुसतं गोल फिरत राहिलं. नेटवर्कच गेलं होतं. शेजारचा ओरडला, "सबके फोन बंद!" नंतर कळलं, रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडली होती. त्या घडीला मात्र मी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होतो आणि ते पोचूला दिसत होतं.

"कोन्या बाजूले हरपलं?" त्यानं विचारलं.

हरपलं नाही रे बाबा, असं मी म्हणायला हवं होतं. पण मी नुसता हात उचलला आणि आग्नेयेकडे दाखवलं, तहसील कचेरीच्या पलीकडे. पोचू उठला. पावसाची भुरभुर होती. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, "नन्ना पोचू!"

खनिजाचा ट्रक हॉर्न वाजवत थांबला. पोचू मान वाकडी करून ऐकत राहिला. ड्रायव्हर शिव्या देऊ लागला तेव्हा मी धावत जाऊन त्याला बाजूला घेतलं. त्यानं माझा हात सोडवला, सायकल उचलली आणि गावाकडे निघून गेला.

तो दिवस मला कोणी परत दिला तर मी घेणार नाही. नेटवर्क दुपारी आलं नाही, संध्याकाळी आलं नाही. मोटारसायकल काढून आलापल्लीला जावं, तिथं नेटवर्क असेल, म्हटलं तर नाल्याला पूर, पोलीस परत पाठवत होते. ठाण्यातल्या जमादाराला विचारलं, तो म्हणाला, भाऊ, आमचे पण फोन बंद आहेत. मी घरी येऊन नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. साबिरा नमाजावरून उठायलाच तयार नव्हती. मला सारखे ते तुकडे आठवत होते, आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलेले. मी त्या पोराला बोट धरून मोबाईल शिकवला होता. त्याच्या बापाला विमानांच्या गोष्टी सांगायची मला काय गरज होती?

सकाळी दुकान उघडायला आलो तर समोर गर्दी. आधी वाटलं मोर्चा आहे. मग मंगली दिसली. तिच्यामागे कोहकाटोला. म्हातारेकोतारे, बाया, गडी, सगळे. पायांना रोवणीचा चिखल वाळलेला. धानाची रोपं बांधांवर तशीच टाकून आले होते. खांद्यावर दोर, कमरेला कोयते, दोघांकडे ढोल, काहींच्या हातात पेटवायच्या टेंभ्यांच्या काड्या. पुराचा नाला एकमेकांचे हात धरून, वरच्या अंगानं जंगलातून ओलांडला होता. काल दुपारपासून कोणाच्या घरी चूल पेटली नव्हती.

"कुठी हरपला ते दाखव, भाऊ," मंगली म्हणाली. "आमी जातो."

मी म्हणालो, "बाई, ते दूर आहे."

"किती दूर?"

"सिरोंच्याच्या पुढं. हैदराबादच्या पुढं. मग जमीनच संपते."

"जमीन संपते तिथवर तं जाऊ," ती म्हणाली. "पुढचं पुढं पाहू."

बस स्टँडवरची माणसं गोळा झाली होती. त्यातला एक पांढऱ्या कपड्यांतला हसून म्हणाला, "विमान शोधायला चालले का रे, दोर घेऊन?" माझी सटकली. त्याला मी काय काय बोललो ते आठवत नाही, पण तो निघून गेला हे खरं. त्यांना वेडं म्हणायची माझी हिंमत नव्हती. रात्रभर मी पलंगावर तळमळत पडलो होतो, आणि ही माणसं पूर ओलांडून आली होती.

पोचू पुढे आला. एका रात्रीत त्याचे गाल बसले होते. "तू म्हनतो पानी आहे, दूर आहे. असल," तो म्हणाला. "इथूनच हाक देतो. लागते तिथवर लागल. थो वरून गेला आहे, वरचं आभाळ एकच हाये."

सगळे आग्नेयेकडे तोंड करून उभे राहिले. आधी पोचू ओरडला. मग मंगली. मग एकेक जण, आपापलं नाव. नन्ना देवाजी. नन्ना ठमा. कापऱ्या आवाजातल्या म्हाताऱ्या, फुटक्या आवाजातली पोरं. प्रत्येक नावानंतर सगळं गप्प. बस स्टँडही गप्प झालं. शेवटचा माणूस ओरडून झाल्यावर पोचूनं माझ्याकडे बघितलं. मी रियाध बघितलेला, चार बुकं शिकलेला माणूस, भर चौकात हात तोंडाशी नेले आणि ओरडलो, "नन्ना कय्यूम!" ओरडताना मला रडू फुटलं आणि ते मी लपवलं नाही.

आम्ही ऐकत उभे होतो. तेवढ्यात दुकानाच्या फळीवर ठेवलेला माझा मोबाईल वाजला. टिंग. मग टिंग टिंग टिंग, थांबेचना.

साबिराच पोचली आधी. "पोचूभाऊ!" ती किंचाळली. "पोहोचला! कालच पोहोचला लेकरू!"

रोशनचे फोटो होते, निरोप होते, न लागलेले फोन होते. विमान वेळेवर उतरलं होतं. अॅपला समुद्रावर ते दिसलं नव्हतं, इतकंच. फोन लावला तर तिकडून तो रडवेला झालेला, कारण त्याला वाटत होतं इकडेच काहीतरी झालंय. सगळं गाव इथं उभं आहे हे कळल्यावर म्हणाला, "बा, रोवना सोडून आले काऊन? मी काय हरपलो होतो?"

पोचू पायरीवर बसला. "दिसत नव्हता," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी कोहकाटोल्याची चूल आमच्या अंगणात पेटली. साबिरानं दिसेल त्या भांड्यात भात चढवला. सगळे जेवले, हसले, मला नावं ठेवली. माझ्या ओरडण्याची नक्कल तर अजून चालते.

इथेच संपायला हवं होतं. पण पोचूचं संपलं नव्हतं.

रविवारी बाजाराच्या दिवशी तो आणि मंगली आले. रोशनचा व्हिडिओ कॉल लागला. त्याची राहायची जागा किनाऱ्याजवळ होती, तो फिरत फिरत आम्हाला दाखवत होता. स्वच्छ रस्ते, कुत्र्यांना फिरवणारे गोरे लोक. मग निळं पाणी आलं, आभाळापर्यंत. मंगलीनं तोंडाला पदर लावला.

"हे कोन्या बाजूचं पानी?" पोचूनं विचारलं.

"पश्चिमेचं, बा."

पोचू माझ्याकडे वळला. "थे दुसरं इमान याच पान्यात गेलं ना?"

"म्हणतात तसं," मी म्हणालो.

त्यानं मोबाईल दोन्ही हातांत धरला. "रोशन, तिथी मानसं हरपले आहेत. दोनशाच्या वर. शोधनारे घरी गेले. तू तिथी आहे तं एक हाक दे."

"बा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

पोरानं मागेपुढे बघितलं. वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्यानं मोबाईल वाळूत टेकवला असावा, कारण आम्हाला नुसतं आभाळ दिसायला लागलं, पोचू बघतो तसलं रिकामं. आणि आवाज आला, पहिल्यांदा लाजलेला आणि मग मोकळा, "नन्ना रोशन!"

पोचूनं बोट ओठांवर ठेवलं. दुकानात बाजारातली गिऱ्हाइकं होती, ती थांबली. साबिरानं हळूच उठून पंखा बंद केला. मंगली डोळे मिटून बसली होती. पोचू मोबाईल कानाशी धरून ऐकत होता. उत्तराला जेवढा वेळ द्यायचा असतो तेवढा तो देत होता, आणि आमच्यापैकी कोणीही त्याला पुरे म्हणालं नाही.